हातची भेट आणि रिकामी बरणी

गेल्या नाताळच्या आधीची गोष्ट. रविवारचा मिस्सा संपल्यावर धर्मग्रामातील एक तरुण माता व्हरांड्यात आमची वाट पाहत थांबली होती. नणंदेच्या बाळाच्या स्नानसंस्कारासाठी तिने दोन महिने खपून लोकरीची शाल विणली होती. घरची कामे आटोपून रात्री अकरापर्यंत ती सुया घेऊन बसत असे. समारंभात मुंबईच्या दुकानातून आणलेला झबल्या-टोपड्याचा संच हातोहात फिरला. शालीला 'अगबाई, किती छान' एवढे तीन शब्द मिळाले. पुढे दोन महिन्यांनी ती नणंदेकडे गेली, तेव्हा कपाटातील खालच्या खणात ती शाल तिला दिसली, पिशवीतून बाहेरही न काढलेली. तिने आम्हांस विचारले, "फादर, हाताने केलेलं लोकांना खरोखर आवडतं, की आवडलं असं नुसतं म्हणतात?"

आम्ही तिला विधवेच्या दोन दमड्यांची आठवण करून दिली, देव अंतःकरण पाहतो असे सांगितले आणि न्याहारीला गेलो. उत्तर चुकीचे नव्हते; पण तिने देवाविषयी विचारलेच नव्हते. तिचा प्रश्न नणंदेविषयी होता. शिवाय ज्या माणसाने हे उत्तर दिले, त्याच्या स्वतःच्या फडताळात एका बरणीचा इतिहास होता. तो पुढे सांगूच.

आमच्या बालपणी वसईच्या पट्ट्यात हा प्रश्न कोणी विचारला नसता. नाताळच्या आधी आठ दिवस घरोघर परात मध्ये ठेवून मंडळी बसत. पिठाची गोळी काट्याच्या नाही तर फणीच्या पाठीवर दाबून कुलकुले वळायची, करंज्यांना मुरड घालायची. आजोबादेखील त्यातून सुटत नसत. सणाच्या दिवशी विणलेल्या रुमालाखाली झाकलेली ताटे या घरातून त्या घरात जात, आणि शेजारच्या हिंदू घरांतून दिवाळीत आलेल्या फराळाची फेडही तेव्हाच होई. कुणाच्या करंज्या कडक होत, कुणाची कुलकुले तेलकट. त्यावर हसणे होई, पण भेट आवडली की नाही, अशी चौकशी होत नसे. दुसरे काही देण्याजोगे नव्हतेच. ज्या घरी त्या वर्षी मृत्यू झालेला असे, तेथे कढई चढत नसे. मग शेजारघरची ताटे तेथे आधी पोहोचत. अशा घरी दुकानातील रंगीत खोका नेऊन ठेवण्यास आजही हात धजावत नाही. का, ते सांगता येणार नाही, पण धजावत नाही.

आता दुकाने आहेत, हाती पैसा आहे, वेळ मात्र नाही. म्हणून हाताने केलेली वस्तू ही गरज राहिली नाही, ती निवड झाली. आणि माणूस जे निवडून करतो, त्याची दखल घेतली जावी, अशी त्याची अपेक्षा असते.

या अपेक्षेविषयी एक संशोधन आमच्या वाचनात आले. २०१२ साली मायकेल नॉर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत काही लोकांना कागदाच्या घड्या घालून बेडूक आणि बगळे करावयास लावले. करणाऱ्यांना आपले वेडेवाकडे बेडूक जवळजवळ तज्ज्ञांनी केलेल्या बेडकांइतके मोलाचे वाटले. एवढेच नव्हे, इतरांनाही ते तसेच वाटतील अशी त्यांची खात्री होती. इतरांना ते फारसे मोलाचे वाटले नाहीत. वाचून आम्हांस हसू आले आणि लगेच आमच्या सेमिनरीतील पहिल्या प्रवचनाची वही आठवली. ती आम्ही अजून जपली आहे. श्रम करणाऱ्याला आपले श्रम वस्तूत दिसतात. घेणाऱ्याला फक्त वस्तू दिसते.

मग विकत घेतलेली भेट बरी, असेही कोणी म्हणू नये. १९९३ साली जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने नाताळच्या भेटींचा हिशेब मांडला, तेव्हा घेणाऱ्याच्या लेखी त्या भेटींचे मोल त्यांच्या किमतीपेक्षा एक दशांशापासून एक तृतीयांशापर्यंत कमी भरले. म्हणजे दुकानातही अंदाज चुकतोच. फरक एवढाच की, दुकानातील वस्तू नापसंत पडली तर ती बदलून घेता येते किंवा पुढे दुसऱ्याला देता येते, आणि कुणाचे मन दुखावत नाही. हातच्या भेटीला ही पळवाट नसते. ती नाकारणे म्हणजे देणाऱ्याचे दोन महिने नाकारणे. मार्सेल मोस या फ्रेंच विद्वानाने १९२५ साली आपल्या प्रबंधात म्हटले की, भेटीबरोबर तीन बंधने येतात: देण्याचे, घेण्याचे आणि परतफेडीचे. त्यांतील मधले बंधन, घेण्याचे, आम्हांस सर्वांत जड वाटते.

पवित्र शास्त्रात हातच्या भेटीची एक छोटीशी नोंद आहे, तिच्यावरून आपण वाचताना सहज पुढे जातो. हन्नाने आपला लहानगा शमुवेल शिलोच्या मंदिरात देवाच्या सेवेला दिला. दर वर्षी यज्ञासाठी नवऱ्याबरोबर तिकडे जाताना ती त्याच्यासाठी एक लहान झगा शिवून नेई. ही नोंद जेमतेम एका ओळीची आहे. पण विचार करा, मूल तिच्या डोळ्यांसमोर नाही. वर्षभरात ते किती वाढले असेल? खांदे किती रुंद झाले असतील? तिला प्रत्येक टाक्याला त्याचा विचार करावा लागला असेल. शमुवेलाला झगा आवडला की नाही, हे शास्त्र सांगत नाही. पण तो झगा दुसऱ्या कोणासाठी शिवलेला नव्हता, हे उघड आहे. याउलट याकोबाने योसेफाला दिलेला तो प्रसिद्ध अंगरखा! तो देताना बापाची नजर आपल्याच लाडावर होती. बाकीच्या मुलांकडे नव्हती आणि, खरे सांगायचे तर, योसेफाच्या हिताकडेही नव्हती. त्यातून काय निष्पन्न झाले, ते आपण जाणतो.

आता ती बरणी. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी आमचा रक्तदाब पाहून मीठ कमी करण्यास सांगितले. धर्मगुरुनिवासातील बातमी स्वयंपाकघराच्या खिडकीतून गावात जाते, हा आमचा जुना अनुभव. जूनमध्ये एक वृद्ध मावशी कैरीच्या लोणच्याची बरणी घेऊन आल्या; मुद्दाम आमच्यासाठी, अगदी कमी मिठाचे. आम्ही आभार मानले आणि बरणी फडताळात ठेवली. महिन्याने उघडली तर वर बुरशीचा पांढरा पापुद्रा. मीठ कमी पडले की लोणचे टिकत नाही, हे मावशींना ठाऊक नव्हते असे नव्हे. आमच्या प्रकृतीपायी त्यांनी तो धोका पत्करला होता. स्वयंपाक्याने सर्व फेकून बरणी घासून ठेवली. पुढच्या रविवारी मावशींनी विचारले, "कसं झालं होतं, फादर?" आम्ही म्हणालो, "फारच रुचकर. केव्हाच संपलं."

संत ऑगस्टीन यांनी सुमारे ३९५ साली असत्यावर एक ग्रंथ लिहिला आणि दुसऱ्याच्या भल्यासाठी बोललेल्या असत्यालाही त्यात सूट दिली नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी अशा असत्याला हलके पाप म्हटले, पण पापच म्हटले. सेमिनरीत हा धडा शिकताना आम्हां तरुणांना दोघेही अंमळ कठोर वाटत. कुणाचे मन राखण्यात काय बिघडते? काय बिघडते, ते पुढच्या पावसाळ्यात कळले. फादरांना आवडले म्हणून मावशींनी त्या वर्षी दोन्ही लेकींकडे आणि भाच्यांकडे त्याच प्रमाणाने केलेल्या सात बरण्या पाठवल्या. सातही नासल्या. मावशी आमच्याकडे आल्या त्या रागाने नव्हे, खऱ्या कुतूहलाने. त्यांनी एवढेच विचारले, "फादर, तुमची बरणी कशी टिकली?"

आम्हांला खरे सांगावे लागले. त्या काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही चाखलंसुद्धा नाही. मग तेव्हाच सांगायचं होतं. मी दुसरं काहीतरी केलं असतं."

आमच्या गोड बोलण्याने मावशींचा मान राखला गेला नव्हता. भेट आणखी चांगली करण्याची त्यांची संधी तेवढी गेली होती. सेनेका या रोमन विचारवंताचे एक मत संत थॉमस यांनी आधाराला घेतले आहे: कृतज्ञतेने स्वीकारणे हाच परतफेडीचा पहिला हप्ता. आम्ही तो हप्ता खोट्या नाण्याने भरला होता. स्तुती म्हणजे स्वीकार नव्हे. बरणी वेळेवर उघडणे, चाखणे, आणि बुरशी आली तर 'मावशी, बुरशी आली' असे सांगणे, हा स्वीकार झाला असता.

(येथे धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांचा उल्लेख केलाच पाहिजे. आमच्या वाढदिवसाला ती प्रार्थनांचा पुष्पगुच्छ देतात: रंगीत कागदावर फुले आणि खाली यादी. एका चिमुरड्याने आमच्यासाठी एका आठवड्यात दोनशे रोझरी म्हटल्याचे लिहिले होते. त्या अंकगणिताविषयी आम्ही अजून काही बोललेलो नाही, आणि बोलणारही नाही. प्रत्येक भेट तपासायची नसते.)

त्या तरुण मातेला आम्ही पुढच्या आठवड्यात पुन्हा गाठले. या वेळी विधवेच्या दमड्या बाजूला ठेवून विचारले, बाळाला लोकर सोसते का, हे तू नणंदेला विचारले होतेस का? समुद्रकाठी घामोळ्यांच्या दिवसांत ती शाल कधी पांघरायची होती? ती म्हणाली, "फादर, पुस्तकात तेच नक्षीकाम होतं, आणि मला ते फार आवडलं." मग स्वतःच थोडे हसली. तथापि, तिची बाजू आम्ही सोडलेली नाही. नणंदेने त्या दोन महिन्यांत एकदा तरी ती शाल उलगडून पाहायला हवी होती, आणि 'वहिनी, बाळाला लोकरीने पुरळ येते, सुताची विणशील का?' असे म्हणायला हवे होते. असे म्हणण्यास जवळीक लागते. कदाचित दोघींमध्ये तेवढी ती अजून नसेल, आणि शालीचे खरे दुखणे तेच असेल.

यंदाच्या मे महिन्यात मावशींनी पुन्हा लोणचे पाठवले. बरणी वीतभरही नाही. मीठ नेहमीप्रमाणे, पण फोडी नखाएवढ्या. वर नातीच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली: 'रोज एकच फोड.' आम्ही आज्ञा पाळली. लोणचे किंचित कडवट झाले होते, तेही मावशींना सांगितले. त्या म्हणाल्या, मेथी जास्त भाजली गेली.

गेल्या रविवारी बरणी संपली. ती धुऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत उपडी घातली आहे. आपल्याकडे भांडे रिकामे परत करण्याची रीत नाही, आणि आम्हांला तर पोळीसुद्धा धड लाटता येत नाही. स्वयंपाकी म्हणतो, बाजारातून पेढे आणू आणि भरून देऊ. आम्ही त्याला थांबायला सांगितले आहे.