चांगोच्या नैवेद्यातला मका

क्यूबात चांगो या देवाला भेंडी लागते. विजेचा आणि गडगडाटाचा हा देव मूळचा पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांचा. सांतेरिया धर्माचे भाविक त्याच्यासाठी ‘अमला’ रांधतात. उकळत्या पाण्यात मक्याचं पीठ थोडं थोडं सोडायचं, गुठळी होऊ न देता घोटत राहायचं आणि उकड घट्ट झाली की भेंडीचं बुळबुळीत कालवण त्यावर घालायचं.

नायजेरियातला अमला मात्र बहुतेक वेळा तपकिरी असतो. तो होतो वाळवलेल्या यामच्या पिठाचा. याम म्हणजे आपल्या कोनफळाच्या जातीतला कंद. 19व्या शतकात योरुबा माणसं मोठ्या संख्येने गुलाम म्हणून क्यूबात आणली गेली. उसाच्या मळ्यांवर त्यांच्या शिध्यात मक्याचं पीठ असे. देवाच्या ताटातही तेच आलं.

द्रव्य बदललं, तर नैवेद्य तोच राहतो का?

‘भाव शुद्ध असला की झालं’ हे उत्तर इथे पुरत नाही, कारण भाविकांनी सगळंच सैल सोडलेलं नाही. आफ्रिकेतून आलेली भेंडी टिकली. चांगोची प्रतीकं आजही लाकडी पात्रातच ठेवतात. त्याचा सहा हा आकडाही पाळला जातो. काय बदलायचं आणि काय नाही, याचा विवेक त्यात दिसतो.

अस्सल मूळ शोधणाऱ्यांचीही पंचाईत होते. मका स्वतः अमेरिकेचा. कोलंबसानंतर तो अटलांटिक ओलांडून पश्चिम आफ्रिकेत गेला. योरुबांनी तो आंबवून, वाटून, शिजवून ‘एको’ केला आणि तो देवांपुढेही ठेवला. गुलामांनी क्यूबात पाऊल ठेवलं तेव्हा मका त्यांच्या देवांना परका राहिलेला नव्हता.

सांतेरियाने हा प्रश्न नुसत्या तर्कावर सोडलेला नाही. नैवेद्य ठेवल्यावर खोबऱ्याचे चार तुकडे टाकून कौल घेतात: पांढरी बाजू किती तुकड्यांची वर, काळी किती, त्यावरून देवाला तो पावला की नाही ते ठरतं. आफ्रिकेत हाच कौल कोलाच्या बियांनी लावतात. विचारण्याचं साधनही बदललं, पण देवाला विचारायची रीत सुटली नाही.

म्हणून मक्याच्या अमल्याला ‘नाइलाजाचा पर्याय’ म्हणणं अन्यायाचं आहे. क्यूबात तो चांगोचा पुरा नैवेद्य आहे.