पहिलं पाऊल, दुसरं पाऊल



भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. त्यांत पहिला मान पृथ्वीचा. लोक तिला खणतात, नांगरतात, तुडवतात, पण ती आपलं व्रत सोडत नाही. दत्तजयंतीच्या सप्ताहात प्रवचनाला बसलो, की हे ऐकून मी मान डोलवायचो. पण ही पहिली गुरुमाउलीच पायाखाली हलू लागली, तर शिष्याने काय शिकायचं? हा प्रश्न मला वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी पडला.

माझा जन्म आणि निम्मी नोकरी खानदेशात झाली. 1999 साली बँकेने बदली केली ती थेट सातारा जिल्ह्यात, पाटणला. आई, पत्नी आणि बारा वर्षांची मुलगी यांना घेऊन दगडमातीच्या कौलारू घरात भाड्याने राहू लागलो. भूकंप ही आमच्या लेखी पेपरातली बातमी. पाटणकरांना मात्र त्याची ओळख जुनी. 1962 पासून कोयना धरणात पाणी साठू लागलं आणि त्या भागात धक्के जाणवू लागले. जलाशयाचं पाणी खोल खडकांच्या भेगांत उतरतं, दाब वाढतो आणि आधीच ताणलेला खडक सरकतो, असं शास्त्रज्ञ सांगतात. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे झालेल्या भूकंपात कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेच्या वर माणसं दगावली. महिना मार्गशीर्षच होता; दत्तजयंती अगदी तोंडावर आली होती.

2000 सालच्या मार्चमधली रात्र. साडेअकराचा सुमार. आधी ट्रक यावा तशी जमिनीतून गुरगुर आली. मग मांडणीवरची भांडी थडथडली, कौलं खडखडली, आढ्यातून माती अंगावर पडली. सगळं मिळून काही सेकंदांचा खेळ. भानावर आलो तेव्हा मी अंगणात अनवाणी उभा होतो. हातात खुंटीवरचा सदरा, त्याच्या खिशात पाकीट. तोंडातून शब्द निघाला होता "आई गं!" आणि आई आत, माजघरात, खाटेवर. तिला उठून चालायला आधार लागायचा.

थोड्या वेळाने पत्नी आणि मुलगी तिला दोन्ही बाजूंनी धरून बाहेर घेऊन आल्या. आईने मला अंधारात चाचपलं आणि विचारलं, "तू बरा आहेस ना रे?"

त्यापेक्षा तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

बँकेत दिवसअखेर रोकड जुळली नाही, तर फरक सापडेपर्यंत घरी जाता येत नाही. तसा हा फरक मी मनात शोधत बसलो. इतकी वर्षं पोथी वाचली, नाम घेतलं, मग ते ऐन वेळी गेलं कुठे? मनाने एक पळवाटही काढून पाहिली. चोवीस गुरूंत कपोतही आहे. पिल्लं जाळ्यात सापडली म्हणून कपोती गेली, तिच्या मागे तोही गेला आणि सगळे पारध्याच्या हाती लागले. अवधूत त्यातून अतिमोह टाळायला शिकला. मग मी एकटा पळालो, ते वैराग्य म्हणायचं का? छे! वैराग्यात माणूस सदरा-पाकीट घेऊन पळत नाही. मी कुटुंब सोडलं, पण देह घट्ट धरून ठेवला. तो मोहच होता, फक्त वर्तुळ लहान झालं होतं.

शेवटी घरमालकीण आजींपाशी मन मोकळं केलं. 67 साली त्या नव्या नवरी होत्या. त्याही आधी पळाल्या होत्या आणि अंगणातून परत फिरून बहिऱ्या सासऱ्यांना घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पहिलं पाऊल जिवाचं असतंय भाऊ, त्याला पाप लागत न्हाई. दुसरं कुठं पडतंय, त्येवढं बघायचं."

माझी अडचण तीच होती. माझं दुसरं पाऊल पडलंच नव्हतं. धक्का थांबला, तरी मी अंगणात खिळून राहिलो होतो.

दुसऱ्या दिवशी आईची खाट दाराजवळ आणली. फळीवरचा तांब्याचा हंडा खाली काढला. खुंटीला बॅटरी अडकवली. कोणी कोणाचा हात धरायचा हे ठरवलं. आईचा हात माझ्याकडे. रात्री निजताना एकदा खाटेपर्यंत जाऊन तिच्या पायांना हात लावायचा, असा नेमही केला.

त्याच वर्षी सप्टेंबरात पुन्हा पहाटे मोठा धक्का बसला. भीती पहिल्याइतकीच वाटली, छाती तशीच धडधडली. पण पाय आपोआप खाटेकडे वळले. आई म्हणाली, "अरे, हळू! पडशील."

तेव्हा त्या पहिल्या गुरूचा धडा थोडा समजला. मी समजत होतो, स्थिर म्हणजे जे हलत नाही ते. पृथ्वी तर हलते. पण हलून झाल्यावर सगळ्यांचं ओझं पुन्हा अंगावर घेते, पेरलेलं उगवून देते. साधकाचं मनही भीतीने हलणारच. हलल्यावर ते आपल्या माणसाकडे, आपल्या कर्तव्याकडे किती लवकर परततं, हे पाहायचं. आणि ते परतणं ऐन वेळी सुचत नाही. रोजच्या नेमानेच अंगी येतं. पोथी मी आजही वाचतो, पण आता वाचून झाल्यावर घरात कोणाला काय हवं-नको, ते विचारून मगच उठतो.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या मार्चच्या रात्रीबद्दल ती शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही. क्षमा हा पृथ्वीचा गुण मी पोथीत वाचला होता. पाहिला तो तिच्यात.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥