ती हिरवी फाइल बाजूला ठेवा

ती हिरवी फाइल आधी बाजूला ठेवा. इथे बसलेल्या प्राध्यापकांपैकी निम्म्याहून अधिक माझ्या वर्गात शिकले आहेत, म्हणून निवृत्त झाले असले तरी हक्काने बोलते. नॅक मूल्यांकनाच्या सातव्या निकषासाठी तुम्ही हरित लेखापरीक्षण करून घेतलंत, रोपं लावतानाचे जिओटॅग केलेले फोटो जोडलेत, पर्यावरणदिनी पथनाट्य बसवलंत आणि हवामान बदलाचं काम झालं म्हणून खाली सह्या केल्यात. लाज वाटायला हवी.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिकवा असं बजावलं. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा विषय सक्तीचा केला. त्याचं पाठ्यपुस्तक पुण्याच्याच डॉ. एरच भरुचांनी लिहिलं. जवळच्या प्रदूषित जागेला भेट द्या असं त्या अभ्यासक्रमात स्पष्ट म्हटलं होतं, क्षेत्रकार्याला शंभरातले २५ गुण होते. थेरगावच्या केजुबाई बंधाऱ्यावर पवनेत फेस तरंगतो तेव्हा तिथे किती मुलं नेलीत? एकाची वही पंधरा जणांनी उतरवली आणि तुम्ही डोळे मिटून गुण वाटलेत.

आपण कुठे बसलो आहोत याचं तरी भान ठेवा. आकुर्डीत १९७२ पासून चेतक स्कूटर बनली. त्याच आकुर्डीत २०२२ पासून विजेवरच्या चेतकचा कारखाना चालू आहे. धूर कमी होतोय, मला आनंदच आहे. पण विजेच्या गाडीला सायलेन्सर लागत नाही, इंधन पंप लागत नाही, पिस्टन लागत नाही, क्लच लागत नाही. हे सुटे भाग बनवणारे गाळे भोसरीत आहेत, चाकणला आहेत. वीस वर्षं एकाच भागावर हात बसलेला टर्नर उद्या कुठे जाणार? मोठी कंपनी नवी लाइन टाकेल, मालक गाळा भाड्याने देईल. कंत्राटी कामगाराला ठेकेदाराचा फोन येणं बंद होईल, बस्स. हवामान न्याय म्हणतात तो हाच प्रश्न आहे, आणि तो तुमच्या दाराशी आहे. तरी तुमच्या यंत्र अभियांत्रिकी विभागातला एकही माणूस त्या टर्नरकडे जाऊन तुला काय येतं, आणखी काय शिकलास तर तगशील, असं विचारत नाही. तुमच्या कार्यशाळा संध्याकाळी पाचनंतर कुलूपबंद असतात. त्याची पाळी सुटल्यावर त्या उघड्या ठेवायला कोणाची परवानगी हवी आहे तुम्हाला?

विद्यापीठाचं हे काम नव्हे, असं कोणीतरी आता पुटपुटलं. मग ऐका. पुण्यात एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या बायका कचरा वेचणाऱ्या बायकांमध्ये जाऊन बसल्या. त्यातून १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरावेचक किती माल उचलतात, महापालिकेचा किती खर्च वाचवतात, याचा अभ्यास २००१ मध्ये त्याच विद्यापीठातून झाला. पुढे पुणे महापालिका त्यांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरू लागली. ज्या बायकांना लोक हाकलत होते, त्यांच्या श्रमाला विद्यापीठाने आकडा दिला. अहमदाबादेत २०१० च्या उन्हाळ्यात उष्णतेच्या लाटेने माणसं मेली, तेव्हा गांधीनगरच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेतले अध्यापक महापालिकेबरोबर बसले आणि २०१३ मध्ये शहराचा उष्णता कृती आराखडा तयार झाला. तुम्ही चाकणच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात एक तापमापक तरी टांगलात का? रात्रपाळी करून आलेला पोरगा तिथे दुपारी झोपतो.

स्थापत्यवाल्यांनो, माना खाली घालू नका, तुमच्याकडे येतेच आहे. मे २०२५ मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले पिंपरी-चिंचवड महापालिकेने हरित लवादाच्या आदेशावरून पाडले. आयुष्यभराची पुंजी घातलेली माणसं रस्त्यावर आली. पूररेषा कुठून जाते हे साध्या मराठीत, चौकाचौकांत लावता येईल असं दाखवणारा एकही नकाशा तुमच्या विभागाने काढला नव्हता. पवना धरणातून विसर्ग वाढला की पिंपरीच्या संजय गांधीनगरातल्या लोकांना पोरंबाळं घेऊन हलावं लागतं. पाणी कोणत्या गल्लीत आधी शिरतं हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. तुमच्या विद्यार्थ्यांनी तिला विचारून ते नकाशावर उतरवावं, तिचं नावही त्यावर लिहावं.

पैसे नाहीत हे मला सांगू नका. शेवटच्या वर्षाला प्रकल्प सक्तीचा आहे, मुलं आहेत, उपकरणं कपाटात पडून आहेत. तेच ते ‘स्वयंचलित कचरापेटी’चे तयार प्रकल्प पैसे देऊन विकत घेतले जातात, हे तुम्हालाही माहीत आहे. यंदा असा एकही प्रकल्प मंजूर करायचा नाही. पुढच्या आठवड्यात विषयांची यादी घेऊन या. प्रत्येक विषयापुढे गावाचं किंवा वस्तीचं नाव हवं, आणि तिथल्या ज्या माणसाशी बोलून विषय ठरवला, त्याचं म्हणणं खाली त्याच्याच शब्दांत हवं.