गप्प वर्ग, बिथरलेलं मूल

‘हात उगारायचा नाही, अपमान करायचा नाही, मग मूल बिथरलं तर करायचं काय?’ शिक्षकांच्या खोलीत हा प्रश्न वैतागाने विचारला जातो. प्रश्न खरा आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले, ते योग्यच झालं. पण छडीच्या जागी काय, हे शिक्षकाला कुणी नीट शिकवलं नाही.

भाईंदर पूर्वेत या प्रश्नाला धार येते ती इथल्या जगण्यामुळे. नवघर, गोडदेव, खारीगावातल्या कितीतरी घरांत मूल उठण्याआधी कुणीतरी चर्चगेटकडे जाणारी लोकल पकडलेली असते, तर कुणी स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात उभं असतं. अकरा महिन्यांचा भाडेकरार संपला की घर बदलतं. जुनी इमारत धोकादायक ठरली की रातोरात सामान हलतं. अशा घरातून आलेल्या मुलाची कंपासपेटी शेजाऱ्याने ओढली आणि त्याने बाक उलटवला, तर कंपासपेटी हे निमित्त असतं.

त्या क्षणी मुलाचं काळीज धडधडत असतं, श्वास आखूड झालेला असतो, लांब वाक्यं कानात शिरत नाहीत. तेव्हा उपदेश वाया जातो. त्याहून वाईट म्हणजे ‘उभा राहा, सगळ्यांसमोर सांग काय झालं ते!’ आता त्या मुलाला राग आणि अब्रू दोन्ही सांभाळायचे असतात, आणि अब्रूसाठी ते आणखी चढतं. म्हणून माझ्या मते पहिलं काम प्रेक्षक हटवण्याचं. वर्गाला दोन गणितं घालावीत, सगळ्या माना वहीत गेल्या की त्या बाकाजवळ जावं, समोर न ठाकता बाजूला, आवाज खाली आणून. ‘पाणी पिऊन ये’, ‘फळा पुसून दे’ एवढंच बोलावं. दंड धरू नये. मूल भोजपुरीत किंवा गुजरातीत बडबडलं तर ‘मराठीत बोल’ असं तरी त्या वेळी म्हणू नये. राग घरच्याच बोलीत येतो. बोलणं मधल्या सुट्टीत, तेही दोघांतच. कुणाची वही फाडली असेल तर ती त्यानेच चिकटवून द्यायची, हेही तेव्हाच ठरवावं. धीर देणं म्हणजे केलेलं सोडून देणं नव्हे.

गुजराती शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला शिक्षक पहिल्याच दिवशी चौथीच्या वर्गात शांततेचा खेळ घेतो आणि तो साफ फसतो, मुलं चित्रविचित्र आवाज काढतात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो आणि तोच वर्ग कान देऊन बसतो. प्रत्येक शिक्षकाने हा प्रसंग वाचावा. शांतता मागून मिळत नाही, ती दुसऱ्या कशाच्या तरी मागून येते. याच गिजुभाईंसोबत भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं केंद्र सुरू केलं; भाईंदरहून याच रेल्वेमार्गावर पुढे घोलवडला उतरून जायचं ते गाव. आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ शाळाच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. बदलायचं ते आधी मोठ्यांनी, हा त्यांचा क्रम होता.

पण मोठ्या माणसाकडेही तेवढं बळ उरायला हवं. स्वतःच चिडलेला शिक्षक मुलाला शांत करू शकत नाही. मूल त्याचा चेहरा शब्दांआधी वाचतं. साठ मुलांचा वर्ग, दोन पाळ्यांत वाटलेली इमारत, घंटेला लागून घंटा, त्यावर निवडणुकीचं आणि जनगणनेचं काम, ज्याला याच कायद्याचं २७वं कलम मुभा देतं. यात एका मुलासाठी पाच मिनिटं काढायची कुठून? कायद्यानेच पाचवीपर्यंत साधारण ३० आणि सहावी ते आठवीत ३५ मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण सांगितलं आहे. ते पाळलं जात नसेल, तर मुलाच्या रागाचा दोष एकट्या बाईंवर टाकणं हा अन्याय आहे.

सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. भाईंदर पूर्वेतल्या पालकांनो, पुढच्या बैठकीत निकालाआधी एवढं विचारा: आमच्या मुलांच्या वर्गाचा पट किती आहे, आणि वर्ग चालू असताना एखादं मूल बिथरलं तर त्याच्याजवळ बसायला शाळेत मोकळं माणूस कोण आहे?