तळघर

माणूस जमिनीखाली काय ठेवतो, यावरून त्याची पारख करावी. आमच्या बँकेनं तळघरात जुनी लेजरं ठेवलीत, समोरच्या हॉटेलनं बार. एकदा मित्राच्या आग्रहाखातर तिथं उतरलो, तर शेजारच्या टेबलावर आमचेच साहेब! दोघांनीही एकमेकांना ओळखलं नाही.

१६१० मध्ये खडकी वसवणाऱ्या मलिक अंबरनं मात्र जमिनीखालून नहर नेली. वर गावाची नावं बदलली, फतेहनगर, औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर. खालून पाणी शतकानुशतकं गुपचूप वाहत राहिलं.

चोरून पिण्याला आपण लाज म्हणतो. चोरून पाजण्याला काय म्हणावं?

मी वडिलांच्या स्मरणार्थ चौकात माठ ठेवला. त्यावर आमचं नाव एवढं मोठं रंगवलं, की ‘पिण्याचे पाणी’ लिहायला जागाच उरली नाही. परवा एक तहानलेला म्हातारा ते नाव वाचून, दुकान समजून, पुढं निघून गेला.