रडीचा डाव

रत्नागिरीत मांडवीच्या जेटीवर संध्याकाळी भेळेच्या गाड्या लागल्या की कठड्यावर पोरांची एक रांग बसलेली दिसते. बाहेरगावचे पाहुणे सूर्यास्ताचे फोटो काढत असतात आणि पोरांच्या माना फोनमध्ये. फोन आडवे, अंगठे चालू, तोंडंही चालू. "मागं बघ मेल्या, मागं!" "नॉक झालो, रिव्हाइव्ह दे." "झोन येतोय रे, पळ." खेळ बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया. चौघांच्या स्क्वॉडमधला एक मांडवीचा, एक पलीकडच्या मिरकरवाड्याचा आणि उरलेले दोघे नालासोपाऱ्याचे चाकरमानी मावसभाऊ, असाही संसार असतो. गणपतीला भेटणारे भाऊ आता रोज रात्री एका काल्पनिक बेटावर भेटतात.

येणाऱ्या-जाणाऱ्यांना यात बंदुका दिसतात आणि ते हिंसेवर बोलतात. मला मात्र त्या कठड्यावरचं भांडण ऐकण्यासारखं वाटतं, कारण ते जवळपास कधीच रक्ताबद्दल नसतं. "तो हॅकर होता." "पिंग तीनशेवर गेलं, नाहीतर मीच मारला असता." "आयपॅडवाला असणार, त्याला जास्त दिसतं." "झुडपात लपून बसला होता, हे काय खेळणं झालं?" तक्रारी शंभर, मुद्दा एकच: समोरचा रडीचा डाव खेळला. पोरं लढाईत न्याय मागतायत.

आणि मला वाटतं, या खेळांची सगळी ओढ इथेच आहे. युद्धाचा खेळ आवडतो तो युद्धासारखा आहे म्हणून नव्हे. तो जिथे जिथे खऱ्या युद्धाच्या जवळ जातो, तिथे तिथे नेमका चिडवतो.

माझ्या पिढीनं हे पहिल्यांदा अनुभवलं ते 'प्रोजेक्ट आय. जी. आय.'मध्ये. इनरलूप या नॉर्वेजियन कंपनीनं २००० साली काढलेला हा खेळ भारतातल्या सायबर कॅफेंमध्ये आणि कॉम्प्युटर क्लासमध्ये इतका पसरला, की अनेकांना कॉम्प्युटर म्हणजे वर्ड, एक्सेल आणि आयजीआय असंच वाटायचं. डेव्हिड जोन्स नावाचा एकटा माणूस, चौदा मोहिमा आणि मोकळं मोठं मैदान. या मैदानाचं कारण गमतीचं आहे. कंपनीनं आधी लढाऊ विमानाचा खेळ केला होता आणि त्याचंच इंजिन इथे वापरलं. म्हणून त्या काळच्या इतर खेळांसारखं बोळाबोळांतून धावायचं नव्हतं. टेकडीवर पडून दुर्बिणीतून पहारेकरी कुठून कुठे जातो ते बघत बसायचं.

पण मोहिमेच्या मध्ये सेव्ह करायची सोय नव्हती. चाळीस मिनिटं सरपटत तळाच्या शेवटच्या इमारतीपर्यंत पोहोचायचं आणि कुठल्या तरी मनोऱ्यावरच्या, नजरेलाही न पडलेल्या माणसाची गोळी लागायची. परत पहिल्यापासून. चुकून अलार्म वाजला तर बराकीतून माणसं निघतच राहायची. क्लासमधल्या पोरांनी त्या सेव्ह नसण्याला जितक्या शिव्या दिल्या, तितक्या कुठल्या शत्रूला दिल्या नसतील. २००३च्या दुसऱ्या भागात कंपनीनं मोजके सेव्ह दिले. लोक सुखावले, आणि पहिल्या भागातली पोटातली धाकधूकही कमी झाली. आजही चाळिशीतले लोक आठवण काढतात ती पहिल्या भागाची. गोळी कुठून आली ते न कळणं आणि मागे जायची सोय नसणं, या दोन गोष्टी त्या खेळात सर्वांत खऱ्या होत्या आणि सर्वांत नावडत्याही.

नंतरच्या खेळांनी ही जखम बरोबर ओळखली. आता मेलात की मारणारा कोण, कुठे उभा होता, कुठल्या बंदुकीनं मारलं, सगळं पडद्यावर येतं. मरण म्हणजे उत्तरासह परत मिळालेला पेपर. चूक कळते, पुढच्या डावात सुधारते. शाळेत, घरात, नोकरीच्या रांगेत इतकं स्वच्छ उत्तर कुणी देत नाही. तिथे नापास का झालो हे कळायलाच वर्षं जातात. एकोणीस वर्षांच्या पोराला हा खेळ का सोडवत नाही, याचं निम्मं उत्तर मला इथे सापडतं.

उरलेलं निम्मं वर्तुळात आहे. ब्रेंडन ग्रीन या आयरिश माणसानं 'आर्मा' या चेक लष्करी खेळाच्या आणि त्यावर उभ्या राहिलेल्या 'डेझी'च्या नादातून शंभर जणांच्या लढाईची कल्पना घडवली. २०१७ साली त्यातून पबजी आला. शंभर जण विमानातून बेटावर उतरतात आणि शेवटी एक किंवा एकच तुकडी उरते. यातली खरी अक्कल बंदुकांमध्ये नसून त्या आक्रसत जाणाऱ्या निळ्या कड्यात आहे. ते कडं काढून टाका. शहाणा खेळाडू घरात शिरेल, दार लावेल आणि न्हाणीघरात बसून राहील. शंभरच्या शंभर लपले तर खेळ संपणारच नाही. म्हणून खेळाला दर काही मिनिटांनी लोकांना बाहेर हाकलावं लागतं. माणूस मुळात जीव वाचवणारा प्राणी आहे, हे त्या निळ्या कड्याइतकं उघडपणे फार थोड्यांनी कबूल केलं असेल.

जेटीवरून उजवीकडे मान वळवली की रत्नदुर्गाचा डोंगर दिसतो. घोड्याच्या नालाच्या आकाराचा किल्ला, तीन बाजूंना समुद्र, आत भगवतीचं देऊळ, टोकाला दीपगृह. तिथल्या शिबंदीनं शतकानुशतकं काय केलं असेल? मुख्यतः वाट बघितली असेल. पावसाळ्याचे चार महिने तर गलबतंही किनाऱ्याला ओढलेली. तटावर उभं राहून क्षितिजावर शीड दिसतंय का ते बघायचं, संध्याकाळी भाकरी खायची, पुन्हा बघायचं. युद्धाचा फार मोठा भाग असा रिकामा असतो आणि कुठल्याही खेळाला तो परवडत नाही. मग ज्या दिवशी काही घडायचं, त्या दिवशी तरी ते सरळ घडायचं का? १७५५ साली सुवर्णदुर्ग आणि १७५६च्या फेब्रुवारीत विजयदुर्ग आरमारी सरदार तुळाजी आंग्र्यांच्या हातून गेले. समुद्रातून इंग्रजांच्या तोफा होत्या आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज. मराठ्यांचं सर्वांत जबर आरमार विजयदुर्गच्या बंदरात जळालं, तेव्हा मराठेच वेढा घालणाऱ्यांत होते. कठड्यावरच्या पोरांना हे सांगितलं तर ती म्हणतील, असल्या टीममेटला रिपोर्ट करायचा. तुळाजीला तक्रार करायला कुणी नव्हतं. उरलेलं आयुष्य त्यानं पेशव्यांच्या कैदेत काढलं.

याहून जवळचं उदाहरण घ्यायचं तर नाईक यशवंत घाडगे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीचं वरचं खोरं. ते ज्या तुकडीचं नेतृत्व करत होते, तिच्यावर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्यांच्याखेरीज सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावले. ग्रेनेड टाकून मशीनगन आणि ती चालवणारा संपवला, आणखी एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. तेव्हा त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्यानं मारून टाकलं. नंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते तिथेच पडले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

"मॅगझिन बदलायला वेळ नव्हता" हे मानपत्रातलं वाक्य मी वाचलं तेव्हा कानात बीजीएमआयचाच आवाज आला: "रीलोड करतोय, कव्हर दे." खेळात तो दोन-तीन सेकंदांचा खटका आहे. त्या दोन सेकंदांत मेलात तरी तो हिशेबातला धोका. घाडग्यांच्या बाबतीत त्या दोन सेकंदांच्या जागी दोन माणसं होती, हाताच्या अंतरावर. कव्हर देणारं कुणी उठण्याच्या स्थितीत नव्हतं. आणि ज्यांनी शेवटी मारलं ते लपून बसलेले. बीजीएमआयमध्ये आपण त्यांना कॅम्पर म्हटलं असतं. कुठल्याही शहाण्या कंपनीनं ही लढाई जशीच्या तशी खेळात घातली, तर पहिल्या आठवड्यात तक्रारींचा पाऊस पडेल: एवढं सगळं बरोबर केलं तरी मरतो कसा?

असं एकदा थोडंफार घडलंही. जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान गेले. त्याचे पडसाद म्हणून २ सप्टेंबरला सरकारनं ११८ चिनी अ‍ॅप बंद केले, त्यांत पबजी मोबाइल होता. खऱ्या सीमेवरच्या झटापटीनं मांडवीच्या कठड्यावरची खोटी लढाई थांबवली. दोनच दिवसांत बंगळुरूच्या एका कंपनीचा 'फौजी' जाहीर झाला आणि २६ जानेवारी २०२१ ला तो आला. त्याची पहिली मोहीम गलवानचीच होती. गलवानमध्ये गोळीबार झाला नव्हता, हाणामारी झाली होती. तेव्हा खेळातही मुख्यतः हातघाईच होती. यात तरी तो प्रामाणिक निघाला. लोकांनी नाकं मुरडली. बंदूक कुठंय, मित्रांबरोबर का खेळता येत नाही, हा काय खेळ आहे? जुलै २०२१ मध्ये पबजीच नाव बदलून बीजीएमआय म्हणून परतला आणि पोरं निमूट त्या बेटावर गेली. परतलेल्या खेळात रक्त हिरवं होतं आणि अठराखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा होती. कुणाला फारसा फरक पडला नाही. रक्ताच्या रंगाशी त्यांचं देणंघेणं मुळातच कमी होतं.

न्यायाचं वचन तरी खेळ पाळतो का? अर्धंमुर्धं. दहा हजारांचा फोन अर्ध्या तासात तापतो, चित्र अडखळतं. आयपॅडच्या चौकोनी पडद्यावर आजूबाजूचं अधिक दिसतं. पावसात वीज गेली की टॉवर मरतो आणि वर कोपऱ्यातला पिंगचा आकडा लाल होतो. म्हणजे गरिबी-श्रीमंती तिथेही मागल्या दारानं येतेच. आणि सगळ्यात मोठा रडीचा डाव खेळाबाहेर झाला. जुलै २०२२च्या अखेरीस बीजीएमआय एके दिवशी स्टोअरमधून गायब झाला आणि मे २०२३ संपताना परत आला. त्याच्या भरवशावर स्पर्धा खेळणाऱ्या, करिअर मांडू पाहणाऱ्या पोरांनी दहा महिने काय करायचं, हे कुणी सांगितलं नाही.

पोरं खुनशी होतील ही भीती मला कधी वाटली नाही. युद्धाचा निकाल लागतो, तो आकड्यांत लागतो आणि चांगलं खेळणाऱ्याच्या बाजूनं लागतो, ही समजूत मात्र हे खेळ रुजवतात, आणि ती जास्त घातक आहे. पण तिची लागण फक्त पोरांना झालेली नाही. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत घराघरांतले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप 'आर्मा ३'मधल्या दृश्यांनी भरले होते. रात्रीचं आभाळ, विमानांवर सुटणाऱ्या गोळ्यांच्या रेघा, खाली देशभक्तीचं गाणं. आर्मा काढणाऱ्या बोहेमिया कंपनीनं २०२२ मध्येच अशी दृश्यं कशी ओळखायची ते जाहीरपणे सांगितलं होतं: धूसर चित्र, हलता कॅमेरा, अंधार, आवाज नाही, माणसं हलताना दिसत नाहीत. निवृत्त काका, शाळेतल्या बाई, सोसायटीचे सेक्रेटरी सगळे ते पुढे पाठवत होते आणि खाली विचारत होते, स्कोअर काय झाला? ज्यांच्या हातातून फोन काढून घ्यायचा असं आपण म्हणतो, त्या पोरांपैकी कुणीतरी मधेच एक ओळ टाकत होतं: "काका, हे गेममधलं आहे." काकांनी अंगठा दाखवला आणि पुढची क्लिप पाठवली.