एका आकड्याचे ओझे

एखादी वस्तू बाजारात येण्यापूर्वी तिच्याविषयी जे बोलले जाते, तेही त्या वस्तूला चिकटून येते. आणि ती प्रत्यक्ष हाती आली की ग्राहक तिची तुलना शेजारच्या दुकानातील वस्तूशी करण्याआधी, स्वतः ऐकलेल्या वर्णनाशी करतो. नव्या तंत्रज्ञानाभोवती चाहते, बातमीदार आणि विक्रेते मिळून जी हवा तयार करतात, तिचा खरा धोका येथे आहे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर याचे सर्वांत मोठे आणि सर्वांत चटका लावणारे उदाहरण म्हणजे पुण्यातील अभियंत्यांनी घडवलेली टाटा नॅनो.

या गाडीची किंमत गाडीच्या आधी जन्माला आली. २००३ मध्ये जिनिव्हाच्या वाहन प्रदर्शनात रतन टाटा यांनी एका वृत्तपत्राशी बोलताना अंदाजाने लाखाच्या आसपासचा आकडा सांगितला, वृत्तपत्राने त्याचाच मथळा केला, आणि खुलासा करण्याऐवजी टाटांनी तो आकडा उद्दिष्ट म्हणून स्वीकारला. पुढची पाच वर्षे गाडी कोणी पाहिलेली नव्हती, पण तिच्याविषयी मत मात्र प्रत्येकाजवळ होते: कोणी तिला चार चाकांची रिक्षा ठरवले, कोणी ती बनणेच अशक्य मानले, तर कोणी घरापुढे जागा मोजायला घेतली. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांना या गलबल्यात प्रत्येक रुपयाचा हिशेब करावा लागला. मागे बसवलेले ६२४ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन, एकच वायपर, चाकाला चारऐवजी तीन नट, बाहेरून न उघडणारी डिकी ही सारी त्या आकड्याची अपत्ये होती. हे काम अभियांत्रिकी म्हणून असामान्य होते, आणि तसे ते अजूनही मानले गेले पाहिजे.

या गाडीमागची प्रेरणा म्हणून टाटा पावसात एकाच स्कूटरवरून जाणाऱ्या कुटुंबाचे दृश्य सांगत असत. रत्नागिरीच्या वाचकाला ते दृश्य परके नाही, कारण आषाढात आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट दुचाकीवरून चढणे म्हणजे काय, हे येथे समजावून सांगावे लागत नाही. अशा ठिकाणी लाखाची गाडी ही चैनीची बातमी राहत नाही, ती गरजेला मिळालेले आश्वासन होते. आश्वासनावर व्यवहार करणे कोकणाला नवे नाही; येथे बागेचा सौदा अनेकदा मोहोर पाहून होतो. मात्र तो करणाऱ्याला धुके, तुडतुडे आणि अवकाळी पाऊस ठाऊक असतात, आणि गळ किती होईल याचा अंदाज तो भावात आधीच धरतो. तंत्रज्ञानाच्या मोहोरावर भुललेला ग्राहक ही गळ धरीत नाही, आणि विकणारा ती धरायला सांगत नाही.

१० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत गाडीचे दर्शन झाले आणि जुन्या मारुती ८०० च्या किमती उतरल्याच्या बातम्या येऊ लागल्या. म्हणजे जी गाडी रस्त्यावर नव्हती, तिने रस्त्यावरच्या गाड्यांचे मोल कमी केले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पश्चिम बंगालमधील सिंगूर येथील नॅनोच्या कारखान्याचा प्रकल्प सोडावा लागला. एप्रिल २००९ मध्ये नोंदणी झाली, तेव्हा सुमारे दोन लाख लोकांनी जवळजवळ २,५०० कोटी रुपये भरले आणि पहिल्या एक लाख गाड्यांचे मानकरी संगणकीय सोडतीने ठरवावे लागले. कर आणि वाहतूक धरून दुकानात पडणारी, म्हणजे एक्स-शोरूम, किंमत मात्र दिल्लीत सर्वांत साध्या प्रकारालाही १ लाख २३ हजारांच्या घरात गेली. विशेष म्हणजे नोंदणी करणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांनी सर्वांत महाग प्रकार मागितला होता. लोकांना स्वस्त गाडी हवी नव्हती, परवडणारी प्रतिष्ठा हवी होती. आणि सहा वर्षे चाललेल्या चर्चेने त्या गाडीवर ‘जगातील सर्वांत स्वस्त’ हा शिक्का मारून नेमकी तीच हिरावून घेतली होती. ही चूक झाल्याचे टाटांनीही नंतर मान्य केले.

जी उत्सुकता गाडीला उचलून धरीत होती, तीच तिच्या दोषांनाही मोठे करीत गेली. काही नॅनोंना आग लागली आणि प्रत्येक घटनेची बातमी देशभर पोचली. कंपनीने जादा सुरक्षेची साधने विनामूल्य बसवून देण्याची तयारी दाखवली, तरी नोव्हेंबर २०१० मध्ये देशभरात केवळ ५०९ गाड्या विकल्या गेल्या.

नॅनोमागे निदान खरी गाडी आणि खरा शब्द होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये २५१ रुपयांत स्मार्टफोन देण्याची घोषणा झाली, तेव्हा तेवढेही नव्हते: दाखवलेल्या नमुन्यावर दुसऱ्याच कंपनीचे नाव झाकलेले आढळले, आणि तरीही नोंदणीसाठी एवढी झुंबड उडाली की संकेतस्थळ बंद पडले. मुंबईचे तत्कालीन खासदार किरीट सोमय्या यांनी त्याच सुमारास याविषयी जाहीर शंका घेतली होती. आकडा पुरेसा लहान असला की माणसे हिशेब विचारीत नाहीत. म्हणून निर्मात्याने अफवेवर मौन पाळणे हे तटस्थ राहणे नव्हे; त्या मौनातून त्याला फुकट जाहिरात मिळते, आणि तिची किंमत पुढे ग्राहक किंवा वस्तू यांपैकी कोणीतरी चुकती करते.

सिंगूर सोडल्यावर नॅनोसाठी गुजरातेत साणंदला उभारलेल्या कारखान्याची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांची होती. विक्री सर्वाधिक झाली त्या २०११-१२ या वर्षात ती पाऊण लाखाच्याही आत राहिली. जून २०१८ मध्ये तेथे एक नॅनो तयार झाली.